कोपनहेगन आणि उत्तर शेलंडची संग्रहालयं: घाई न करता कशी पाहावीत

कोपनहेगनला आमच्याकडे कोणी पाहुणे आले की पहिल्याच संध्याकाळी त्यांची यादी बाहेर येते. जलपरीचा पुतळा, टिव्होली बाग, न्यूहाउनची रंगीत घरं आणि सगळ्यात शेवटी ‘पाऊस असला तर म्युझियम’. मी त्यांना ती यादी उलटी करायला सांगते. जलपरी दहा मिनिटांत पाहून होते, ती कधीही आणि कोणत्याही वारी भेटते. संग्रहालयांचं तसं नाही. तिथे वार, वेळ, तिकीट, पायांतली ताकद सगळ्यांचा विचार आधी करावा लागतो. आणि इतक्या लांब येऊन या भागात पाहण्यासारखं सगळ्यात मोलाचं काही असेल तर ती इथली संग्रहालयंच, असं माझं ठाम मत आहे.

हा भाग म्हणजे डेन्मार्कमधल्या शेलंड बेटाचा ईशान्य कोपरा. कोपनहेगन शहर, तिथून उत्तरेला हेल्सिंगोरपर्यंत गेलेला समुद्रकिनारा, आतल्या बाजूचं हिलेरोद, आणि ओरेसुंद सामुद्रधुनीच्या पलीकडे स्वीडनमधलं मालमो. यातलं काहीही कोपनहेगनपासून गाडीनं तासाभराच्या आत आहे. म्हणून मुक्काम एकाच ठिकाणी ठेवा आणि रोज तिथूनच निघा.

माझा नियम साधा आहे: दिवसाला एकच मोठं संग्रहालय, आणि त्यात कोणत्या तीन गोष्टी पाहायच्याच हे आदल्या रात्री ठरवायचं. बाकी वाटेत दिसेल ते दिसेल. एका दिवसात तीन संग्रहालयं ‘उरकलेली’ माणसं मी पाहिली आहेत. संध्याकाळी त्यांना आठवतात ते फक्त जिने.

आधी वार बघा

विमानाची तिकिटं हातात आली की पहिलं काम म्हणजे तुमच्या मुक्कामात सोमवार कुठे येतो ते पाहणं. इथली बहुतेक संग्रहालयं सोमवारी बंद असतात. माझी आत्या पाच दिवसांसाठी आली होती आणि मी तिला सोमवारीच बाहेर काढलं. पाऊस, वारा, तिचा दुखरा गुडघा आणि समोर बंद दार. पाचांतला एक दिवस माझ्या निष्काळजीपणामुळे गेला, याचं मला अजून वाईट वाटतं. उन्हाळ्यात काही ठिकाणं सोमवारीही उघडी असतात, पण त्यावर विसंबू नका. आदल्या रात्री त्या त्या संग्रहालयाच्या संकेतस्थळावर वेळ पाहून घ्या. नाताळात २४ आणि २५ डिसेंबर, तसंच ३१ डिसेंबर आणि १ जानेवारी हे दिवसही असेच जपून तपासा.

मग सोमवारी काय करायचं? हिलेरोदला जा. तिथला फ्रेडरिक्सबोर्ग राजवाडा वर्षभर रोज उघडा असतो. कोपनहेगनहून लोकल गाडीनं साधारण चाळीस मिनिटं, पुढे तळ्याच्या कडेनं रमत गेलं तर वीस मिनिटांची चाल. लाल विटांचा हा राजवाडा पाण्यात उभा आहे. १८५९ साली त्याला मोठी आग लागली. कार्ल्सबर्ग बिअरचे संस्थापक जे. सी. याकोबसेन यांनी पुढे पैसा उभा केला आणि १८७८ साली तिथे राष्ट्रीय इतिहासाचं संग्रहालय झालं. आत राजाराण्यांची चित्रं इतकी आहेत की मन थकतं. मी तरी प्रार्थनागृह आणि वरचं मोठं दालन निवांत पाहून उरलेला वेळ बागेत घालवते.

वारांचा दुसरा फायदा संध्याकाळचा. सरकारी कलासंग्रहालय बुधवारी रात्री आठपर्यंत उघडं असतं, ग्लिप्टोटेक हे शिल्पांचं आणि चित्रांचं संग्रहालय गुरुवारी उशिरापर्यंत, आणि हुम्लेबेक गावातलं लुईझियाना हे आधुनिक कलेचं संग्रहालय मंगळवार ते शुक्रवार रात्री दहापर्यंत. संध्याकाळी शाळांच्या सहली नसतात, दालनं शांत असतात. डिसेंबरात इथे दिवस जेमतेम सात तासांचा असतो, तेव्हा उजेड बाहेर फिरण्यात वापरावा आणि साडेतीन-चारनंतर, अंधार पडला की संग्रहालयात शिरावं. जूनमध्ये सतरा तासांहून जास्त उजेड असतो, त्यामुळे तेव्हा ही काळजी नाही.

तिकीट, कार्ड आणि गाडी

मोठ्या संग्रहालयाचं प्रौढांचं तिकीट आपल्या पैशांत हजार ते दोन हजार रुपयांच्या घरात जातं. चार जणांचं कुटुंब असेल तर आकडा छातीत धडकी भरवतो. पण अठरा वर्षांखालच्या मुलांना राष्ट्रीय संग्रहालय, सरकारी कलासंग्रहालय, ग्लिप्टोटेक आणि लुईझियाना या चारही ठिकाणी तिकीट नाही. विद्यार्थ्यांना बऱ्याच ठिकाणी सवलत असते, म्हणून ओळखपत्र बरोबर ठेवा.

‘कोपनहेगन कार्ड’ घ्यावं का, हा प्रश्न सगळे विचारतात. या कार्डावर ऐंशीच्या आसपास ठिकाणं आणि विमानतळापासून हेल्सिंगोरपर्यंतचा गाडीप्रवास येतो. २४, ४८, ७२ अशा तासांत ते मिळतं आणि पहिल्या वापरापासून तास मोजले जातात. दिवसाला एकच संग्रहालय पाहणार असाल तर सुटी तिकिटं बहुधा स्वस्त पडतात. क्रोनबोर्ग किल्ला आणि लुईझियाना एकाच दिवशी, दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय संग्रहालय आणि टिव्होली, असा बेत असेल तर मात्र ४८ तासांचं कार्ड फिटतं. म्हणजे तिकिटाची ठिकाणं दोन सलग दिवसांत बसवायची आणि फुकटची ठिकाणं कार्डाबाहेर ठेवायची. एक ध्यानात ठेवा: हे कार्ड मालमोला चालत नाही.

गाडीचं तिकीट चढण्याआधी हातात हवं. आत तिकीट देणारा कोणी नसतो, तपासनीस मात्र येतो आणि दंड जबर असतो. एका प्रौढाबरोबर बारा वर्षांखालची दोन मुलं फुकट जातात. रोख पैशांची गरज जवळजवळ पडत नाही, कार्ड सगळीकडे चालतं.

आत शिरल्यावर

कोट, छत्री आणि पाठीवरची पिशवी कपाटात ठेवूनच वर जा. पाठीवरची पिशवी बहुतेक दालनांत चालत नाही, आणि चालली तरी दोन तास कोट हातावर घेऊन चित्रं पाहता येत नाहीत. बाहेर कितीही थंडी असली तरी आत उबदार असतं, त्यामुळे एकावर एक पातळ कपडे घालणं बरं. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी तिकीट खिडकीवरच घडीचं स्टूल किंवा चाकाची खुर्ची मिळेल का ते विचारावं. विचारायला अजिबात संकोच करू नका, इथे ते अगदी सहज दिलं जातं. फ्लॅशशिवाय फोटो बहुतेक ठिकाणी काढू देतात.

जेवणाचं काय, हा आपला खास प्रश्न. संग्रहालयांतली कॅफे चांगली असतात पण महाग, आणि शाकाहारी माणसाला निवड थोडी. आनंदाची गोष्ट अशी की डॅनिश लोक आपल्यासारखेच डबेवाले आहेत. शाळेत, कचेरीत, सहलीला ते राईच्या काळ्या पावाचा डबा नेतात. त्यामुळे बऱ्याच संग्रहालयांत आपला डबा खायला वेगळी जागा असते. तिकीट घेताना विचारलं की दाखवतात. मी मेथीचे पराठे आणि लोणचं नेते, नळाचं पाणी बाटलीत भरते. दालनात मात्र घासभरही खायचं नाही.

पाटीवर ‘लुकेट’ दिसलं तर बंद, ‘ओबेन’ म्हणजे उघडं, ‘कुन्स्ट’ म्हणजे कला, ‘साम्लिंग’ म्हणजे संग्रह. इंग्रजी सगळ्यांना येतं आणि बहुतेक फलक दोन्ही भाषांत असतात.

पहिला दिवस: राष्ट्रीय संग्रहालय

सुरुवात इथूनच करा, आणि तीही तळमजल्यावरच्या प्रागैतिहासिक दालनांतून. कारण सांगते. शाळेत आपण सगळेच अश्मयुग, कांस्ययुग, लोहयुग असे तीन टप्पे शिकलो. ही विभागणी कोपनहेगनमध्ये जन्मली. १८१६ साली क्रिस्टियन युर्गेनसेन थॉमसेन या तरुणाकडे देशभरातून जमलेल्या जुन्या वस्तूंचा ढीग सोपवण्यात आला. त्यानं त्या वस्तू दगड, कांसं आणि लोखंड अशा लावल्या, कोणत्या वस्तू एकत्र सापडतात हे बारकाईनं पाहिलं, आणि १८३६ साली मार्गदर्शक पुस्तिकेत ही मांडणी छापली. त्याच संग्रहातून आजचं राष्ट्रीय संग्रहालय वाढलं. जोर्वे किंवा इनामगावच्या उत्खननाविषयी वाचताना आपण ‘ताम्रपाषाणयुग’ म्हणतो, तो शब्दही याच मांडणीला पुढे फुटलेला फाटा आहे.

इथे तीन वस्तू ठरवून पाहा.

पहिली, ट्रुंडहोल्मचा सूर्यरथ. १९०२ साली शेलंडच्याच एका दलदलीच्या जमिनीत नांगराला तो लागला. इसवी सनापूर्वी सुमारे १४०० चा, जेमतेम अडीच वितींचा. कांशाचा एक घोडा आणि त्याच्यामागे कांशाची तबकडी, दोन्ही चाकांवर. तबकडीची एक बाजू सोन्याच्या पत्र्यानं मढवलेली, दुसरी काळसर. एक दिवसाचा सूर्य, दुसरा रात्री परत जाणारा, असा त्याचा अर्थ लावतात. ज्यांच्या घरी रथसप्तमीला पाटावर सूर्याचा रथ काढतात त्यांनी या काचेसमोर उभं राहावं. तिकडे सात घोडे, इथे एक. दोन्हींचा थेट संबंध आहे असं मी म्हणत नाही, पण माझी आई तिथे हात जोडून उभी राहिली, आणि मला ते अगदी योग्य वाटलं. दुसऱ्या बाजूनं फिरून काळसर अंगही नक्की पाहा. बहुतेक लोक सोनेरी बाजूचा फोटो काढून पुढे जातात.

दुसरी, एक्टवेडची मुलगी. १९२१ साली एका टेकाडात ओकच्या खोडाची शवपेटी सापडली. झाडाच्या वर्तुळांवरून तिचं साल इसवी सनापूर्व १३७० ठरलं. सोळा-अठरा वर्षांच्या या मुलीची हाडं विरघळून गेली, पण केस, दात, नखं आणि लोकरीचे कपडे टिकले. दोऱ्यांचा आखूड घागरा, कमरेला कांशाची गोल चकती, पेटीत ठेवलेलं एक रानफूल. त्या फुलावरून तिला उन्हाळ्यात निरोप दिला हे कळलं. इथे बोलणं आपोआप थांबतं. लहान मुलांना आधी थोडी कल्पना द्या.

तिसरी, गुंडेस्ट्रुपचं चांदीचं भांडं. १८९१ साली दलदलीत सापडलेलं, जवळजवळ नऊ किलो वजनाचं. त्यावर हत्ती आहेत! डेन्मार्कच्या दलदलीत हत्ती कुठून, तर हे भांडं बहुधा आग्नेय युरोपात घडवलं गेलं. आतल्या एका पत्र्यावर मांडी घातलेली, डोक्यावर शिंगं असलेली आकृती आहे. मोहेंजोदडोच्या प्रसिद्ध ‘पशुपती’ मुद्रेशी तिची तुलना अनेकांनी केली आहे. दोन्हींमध्ये दोन हजार वर्षांचं अंतर आहे, तेव्हा घाईनं निष्कर्ष काढू नका. पण पाहताना ती मुद्रा डोळ्यांसमोर आल्याशिवाय राहत नाही.

एवढ्यात दोन तास जातात. थांबा, डबा खा, बाहेर पडा.

दुसरा दिवस: दख्खनची चित्रं आणि राखाडी खोल्या

सकाळ ‘डेव्हिड्स साम्लिंग’साठी ठेवा. क्रोनप्रिन्सेसेगाडे या रस्त्यावर ३० क्रमांकाच्या घरात सी. एल. डेव्हिड नावाच्या वकिलानं जमवलेला हा संग्रह आहे आणि तिकीट अजिबात नाही. स्पेनपासून हिंदुस्थानापर्यंतच्या इस्लामी कलेचा असा संग्रह उत्तर युरोपात क्वचितच असेल. त्यात दख्खनच्या सुलतानांच्या दरबारातल्या वस्तू आणि चित्रंही आहेत. आदिलशाही आणि निजामशाही आपल्याला माहीत असते ती लढाया आणि तहांमधून. त्यांच्या चित्रकारांची रेघ किती नाजूक होती, जांभळा आणि सोनेरी रंग ते कसा वापरत, हे मराठी माणसानं जरूर पाहावं. कागदावरची चित्रं उजेडानं फिकी पडतात म्हणून ती आळीपाळीनं लावतात, त्यामुळे एखादं ठरावीक चित्र मनात धरून जाऊ नका. दालनांत उजेड मंद असतो. डोळे सरावायला पाच मिनिटं द्या.

तिथून समोरची राजाची बाग ओलांडून थोडं चाललं की सरकारी कलासंग्रहालय. १८९६ ची भव्य इमारत आणि तिच्या पाठीला १९९८ चा काचेचा भाग. मातिसनं १९०५ साली काढलेलं, चेहऱ्याच्या मधोमध हिरवी रेघ असलेलं त्याच्या पत्नीचं चित्र इथे आहे. पण मी पाहुण्यांना थांबवते ती विल्हेल्म हॅमर्सहोय याच्या चित्रांपाशी. १८६४ ते १९१६ हा त्याचा काळ. रिकामी खोली, पाठमोरी बाई, अर्धं उघडं दार, खिडकीतून जमिनीवर पडलेला उजेडाचा तुकडा. बस. पहिल्यांदा पाहणारा म्हणतो, यात काहीच नाही. एका चित्रासमोर घड्याळ लावून पाच मिनिटं उभे राहा. राखाडीत आधी निळा दिसू लागतो, मग तपकिरी, मग कळतं की या देशात हिवाळ्यात उजेड खरंच असाच येतो. ती पाठमोरी बाई म्हणजे बहुतेक वेळा त्याची बायको, इडा.

पाय शाबूत असतील तर पुढे क्रिस्टियानशाउनमध्ये स्ट्रान्डगाडे ३० हे घर बाहेरून पाहून या. १८९८ ते १९०९ तो तिथे राहिला आणि त्या खोल्या त्यानं पुन्हा पुन्हा रंगवल्या. आत जाता येत नाही, पण खिडक्या ओळखीच्या वाटतात.

ज्यांना हॅमर्सहोय फारच उदास वाटला त्यांनी शेजारच्या बागेतला तंबाखूचे कारखानदार हिर्शस्प्रुंग यांचा संग्रह पाहावा. तिथे पी. एस. क्रॉयर आणि डेन्मार्कच्या उत्तर टोकावरच्या स्केगन गावी जमणाऱ्या चित्रकारांचा समुद्रकिनाऱ्यावरचा उजळ उन्हाळा आहे. इथे एक गोष्ट मला फार भावते. बिअरवाले, तंबाखूवाले, वकील, अशा माणसांनी हौसेनं जमवलेलं सगळं शेवटी लोकांच्या हवाली केलं.

तिसरा दिवस: ग्लिप्टोटेक किंवा मालमो

ग्लिप्टोटेक थकलेल्यांचं आणि लहान मुलं असणाऱ्यांचं ठिकाण. मधोमध काचेच्या घुमटाखाली ताडामाडांची बाग आहे. फेब्रुवारीत तिथे बसलं की कोकणातल्या कुणालाही घर आठवेल. जे. सी. याकोबसेन यांचे चिरंजीव कार्ल यांनी हे उभारलं. रोमन चेहरे, सिरियातल्या पाल्मिरा शहरातल्या थडग्यांवरचे चेहरे, रोदँची शिल्पं, देगाची छोटी नर्तिका. गोगँची चित्रं इथे इतकी कशी, याला कारण आहे: त्याची बायको मेट डॅनिश होती आणि १८८४ साली तो या शहरात राहायला आला होता. धंदा जमला नाही, पुढल्या वर्षी परत गेला.

मालमोला जायचं तर पूल ओलांडून चाळीस मिनिटं. पासपोर्ट बरोबर घ्याच. दोन्ही देश शेंगेनमध्ये असले तरी सीमेवर ओळख तपासतात. तिथलं चलन वेगळं. मालमो कुन्स्थालला प्रवेश फुकट आहे आणि एकाच विशाल दालनात छतातून येणारा उजेड पाहण्यासारखा आहे. वेळ कमी असेल तर मालमो गाळा, ग्लिप्टोटेक गाळू नका.

रॉस्किल्डेची व्हायकिंग जहाजं अनेकांच्या यादीत असतात. १९६२ साली तिथल्या फ्योर्डच्या, म्हणजे खाडीच्या, तळातून काढलेली ती पाच जहाजं अनमोल आहेत, पण त्यांच्यासाठी नवी इमारत उभारायचं ठरलं आहे. त्यामुळे तुमच्या तारखांना मूळ जहाजं पाहता येणार का, हे तपासूनच तिकडचा बेत करा.

चौथा दिवस: क्रोनबोर्ग आणि लुईझियाना

हा दिवस मंगळवार ते शुक्रवारमध्ये बसवा. सकाळी किनाऱ्याच्या गाडीनं शेवटच्या स्टेशनपर्यंत, हेल्सिंगोरला. पाऊण तासाचा प्रवास. क्रोनबोर्ग किल्ला स्टेशनवरूनच दिसतो. इथे डॅनिश राजे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक जहाजाकडून जकात घेत. तटावर उभं राहिलं की समोर स्वीडन हाताच्या अंतरावर, आणि जकात इथेच का, ते न सांगता कळतं. शेजारी जुन्या कोरड्या गोदीच्या पोटात २०१३ साली बांधलेलं सागरी संग्रहालय आहे. आरमारात किंवा बोटीवर नोकरी केलेलं कोणी घरात असेल तर त्यांना तिथून हलवणं कठीण जातं.

दुपारी दोनच्या सुमारास परतीची गाडी धरा आणि दहा मिनिटांत हुम्लेबेकला उतरा. स्टेशनवरून पाट्या पाहत दहा-पंधरा मिनिटं चाललं की वेलींनी झाकलेलं एक जुनं घर येतं. आपण चुकलो असं वाटतं. चुकलेले नसता, तेच लुईझियानाचं दार. मूळ मालकाच्या तिन्ही बायकांचं नाव लुईझ होतं, त्यावरून घराचं नाव पडलं. १९५८ साली क्नुड येन्सेन यांनी तिथे आधुनिक कलेचं संग्रहालय सुरू केलं. आर्किटेक्ट वोह्लर्ट आणि बो यांनी काचेच्या लांब पडव्या अशा फिरवल्या की झाडं, तळं आणि समुद्र सतत सोबत राहतात.

आधी उजवीकडे-डावीकडे न पाहता सरळ बाहेर, कॅल्डरच्या शिल्पांच्या गच्चीवर जा. वाऱ्यानं हलणारे त्यांचे पत्रे आणि मागे ओरेसुंद. मग जकोमेत्तीच्या दालनात: काडीसारखी कृश माणसं आणि मोठ्या खिडकीबाहेर तळ्यावर झुकलेली झाडं. याच्याइतकी जिवंत खोली मी दुसऱ्या कुठल्या संग्रहालयात पाहिलेली नाही. यायोई कुसामाची आरशांची खोली लहान आहे, थोडीच माणसं एका वेळी सोडतात, म्हणून ती संध्याकाळी सहानंतर पाहा. तोवर रांग ओसरते. मुलांसाठी वेगळी इमारत आहे, तिथे माती, रंग, कात्र्या सगळं मांडलेलं असतं. मुलं तिथे छान रमतात.

साडेआठच्या सुमारास कॅफेतून एक कॉफी घेऊन उतारावरच्या हिरवळीवर बसा. समोर हेल्सिंगोरकडून येणारी जहाजं, पलीकडे स्वीडनचे दिवे. परतीच्या गाडीची वेळ फोनवर पाहून ठेवा, म्हणजे फलाटावर थंडीत थांबावं लागत नाही. गाडीत डावीकडची खिडकी धरा, झाडांच्या फटींतून समुद्र दिसत राहतो. जूनमध्ये गेलात तर दहा वाजता बाहेर पडतानाही पाण्यावर उजेड असेल.